गाडी बेवारस दिसू देऊ नये

बाळा, व्हिसा झाला, तिकीट झालं, आता दुसऱ्या सेमिस्टरला तू गाडी घेणारच. कॅलिफोर्नियात नुसत्या बसच्या भरवशावर फार दिवस कोणी राहत नाही. गाडी कुठली घ्यावी ते तुझा मामा सांगेल, त्याला त्यातलं कळतं असं त्याचं म्हणणं आहे. मी सांगणार आहे ते गाडी उभी करण्याबद्दल. तिथल्या एका विद्यापीठाच्या पोलीस खात्यात मी रेकॉर्डच्या खिडकीवर नोकरी केली. उचलून नेलेली गाडी सोडवायची तर आधी त्या खिडकीवर यावं लागतं. आपली मुलं रांगेत उभी राहून मराठीत पोलिसांना मनसोक्त शिव्या घालायची, आणि मी काचेमागून मराठीतच ‘या, पुढे या’ म्हटलं की त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची.

आधी एक डोक्यातून काढून टाक. कॅम्पस पोलीस म्हणजे कॉलेजच्या फाटकावरचा वॉचमन नव्हे. येल विद्यापीठाने १८९४ साली न्यू हेवन शहराचे दोन पोलीस आपल्या आवारासाठी घेतले, तिथून ही प्रथा सुरू झाली. आज कॅलिफोर्नियात यूसी आणि कॅल स्टेट या दोन्ही सरकारी विद्यापीठांचे पोलीस राज्याच्या कायद्याने पुऱ्या अधिकाराचे पोलीस आहेत. कमरेला पिस्तूल, अटकेचा अधिकार आणि आवाराच्या भोवती एक मैलापर्यंत हद्द. म्हणून तिथे ‘साहेब, बघा ना काहीतरी’ हा सूर लावू नकोस. आपल्याकडे टेम्पोत चढवलेली दुचाकी तिथल्या तिथे पावती फाडून खाली उतरवून घेता येते. तिकडे अधिकाऱ्याच्या हातात पैसे द्यायची सोयच नाही, आणि तू नोट पुढे केलीस तर तो लाचेचा गुन्हा. विद्यार्थी व्हिसावर असला डाग परवडत नाही. नम्रपणे, कमी शब्दांत, कागद हातात घेऊन बोललास की तेच पोलीस बरेच मदतीला येतात, हेही मी बघितलं आहे.

पार्किंग ऑफिस वेगळं आणि पोलीस वेगळे, हेही लक्षात ठेव. परमिट विकणं, दंडाच्या पावत्या लावणं, त्यांचे पैसे घेणं हे पार्किंगवाल्यांचं काम. त्यांची मुलं गोल्फ कार्टमधून फिरतात, त्यात विद्यार्थीही असतात. गाडी उचलायची वेळ आली की मामला पोलिसांकडे जातो. दंड भरल्याची पावती घेऊन माझ्या खिडकीशी भांडणारा आणि पोलिसांचं पत्र घेऊन पार्किंग ऑफिसात बसून राहणारा, दोघांचाही दिवस फुकट जायचा. तिकडे फुकट गेलेल्या दिवसाचं भाडं लागतं, ते पुढे सांगते.

आता मुद्द्याचं. गाडी बेवारस ठरते कशी? तुझ्या मनात काय होतं हे कोणी विचारत नाही. अधिकारी लॉटमधून फेरी मारतो तेव्हा त्याच्यासमोर नुसती गाडी असते, तू नसतोस. काचेवर धुळीचा थर. वायपरखाली अडकलेली निलगिरीची पानं, आणि त्याच वायपरखाली उन्हाने पिवळ्या पडलेल्या दोन-तीन पावत्या. चाक आणि जमीन यांच्यामध्ये कोळ्याने विणलेलं जाळं. एक टायर बसलेला. मागच्या नंबरप्लेटच्या कोपऱ्यात नोंदणीच्या वर्षाचं स्टिकर असतं, त्याचा रंग दरवर्षी बदलतो, त्यामुळे मुदत संपलेली गाडी लांबूनच डोळ्यात भरते. यातली एखादी खूण असली तर काही बिघडत नाही. तीन-चार एकत्र आल्या की अधिकारी थांबतो आणि वही काढतो.

मग खडू. टायरवर एक रेघ आणि तिला जुळेल अशी जमिनीवर दुसरी. काही जुने अधिकारी खडू वापरतच नाहीत. हवा भरायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घड्याळाच्या आकड्यात लिहून घेतात, पुढच्या चाकाचा दोनवर, मागच्याचा सातवर असं. गाडी खरंच कुठे जाऊन आली असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह पुन्हा नेमके त्याच आकड्यांवर येणं कठीण. त्यामुळे रात्री जाऊन ओल्या फडक्याने खडू पुसणारे जे बहाद्दर असतात ते स्वतःलाच फसवतात. शिवाय हल्ली फोटोही काढलेला असतो.

या खडूवरूनही तिकडे कोर्टबाजी झाली आहे बरं का. मिशिगनमधल्या सॅगिनॉ शहरातल्या एका बाईंनी दावा लावला की माझ्या टायरला खडू लावणं ही वॉरंटशिवाय घेतलेली झडती आहे, आणि २०१९ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मान्य केलं. ओहायो, केंटकी, टेनेसी याच सर्किटमध्ये येतात. कॅलिफोर्निया मात्र नवव्यात. तिथे सॅन डिएगोच्या खटल्यात २०२२ मध्ये खडू चालतो असा निकाल लागला. सांगायचं कारण एवढंच, की ओहायोत शिकणारा तुझा मित्र व्हॉट्सअॅपवर जे छातीठोक कायदे सांगेल ते तुला लागू असतीलच असं नाही.

वेळेचंही तसंच. कॅलिफोर्नियात शहराने तसा स्थानिक नियम केला असेल तर रस्त्यावर सलग ७२ तास उभी राहिलेली गाडी उचलता येते. कॅम्पसच्या लॉटमध्ये विद्यापीठाचा स्वतःचा नियम चालतो, तो परमिट घेताना ज्या पानांवर तू न वाचता ‘मान्य’ करतोस त्यात लिहिलेला असतो. टेक्सासात पाच वर्षांहून जुनी, चालू अवस्थेत नसलेली गाडी सार्वजनिक जागेत ४८ तासांहून जास्त सोडली की ती कायद्याने बेवारस. आणि आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये १० तास लिहिले आहेत. सोसायट्यांच्या बाहेर वर्षानुवर्षं सडणाऱ्या गाड्या बघून हे कोणाला खरं वाटणार नाही, पण लिहिलेलं आहे.

बहुतेक वेळा आधी काचेवर भडक रंगाची नोटीस चिकटते. त्यावर तारीख, वेळ आणि केस नंबर असतो. ती दिसली की घाबरून फाडू नकोस. फोटो काढ आणि त्याच दिवशी फोन कर. ‘गाडी माझी आहे, बॅटरी गेली आहे, शुक्रवारी दुरुस्तीवाला येतोय’ एवढं सांगितलं तरी पलीकडची व्यक्ती ते केसमध्ये लिहून ठेवते. माझ्या पाहण्यात, असा फोन आलेली गाडी फारशी उचलली गेली नाही. गाडी दोन फूट पुढे ढकलून मोकळं झालो असं समजणाऱ्यांची मात्र हमखास गेली.

नोटिशीची वाट न बघता उचलायच्या जागा वेगळ्या. आगीच्या बंबासाठी राखलेली लाल पट्टी, अपंगांची निळी जागा, कोणाच्या गेटसमोर, पाण्याच्या हायड्रंटपासून १५ फुटांच्या आत. इथे ‘पाचच मिनिटं’ म्हणून ब्लिंकर लावून जाऊ नकोस. नोंदणीची मुदत संपून सहा महिन्यांहून जास्त दिवस गेले असतील तरीही गाडी थेट उचलता येते. थकलेल्या पावत्यांचं जरा गुंतागुंतीचं आहे. पाच किंवा जास्त थकल्या तर उचलायची तरतूद कायद्यात आहे, पण २०२३ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्को शहराला सांगितलं की कायदेशीर जागी, कोणाच्या अडथळ्यात नसलेली गाडी निव्वळ थकबाकीसाठी वॉरंटशिवाय उचलणं घटनेत बसत नाही. ती लढाई गाडीतच राहणाऱ्या बेघर लोकांसाठी लढली गेली होती. तू तिच्या आडोशाने पावत्या साठवू नकोस. नोंदणीचं नूतनीकरण अडलं की त्या पावत्या भराव्याच लागतात.

इथवरचं सगळं डोळ्यांना दिसणारं. माझ्या खिडकीवर जे खरे रडकुंडीला यायचे ते कागदाने मारलेले असायचे.

आपल्या मुलांमध्ये गाडी कशी फिरते ते तुला कळेलच. एक जुनी करोला किंवा सिव्हिक असते. सीनियर पास होऊन नोकरीला जातो, ज्युनियरला हजार-दोन हजार डॉलरला देऊन टाकतो. चावी दिली, पैसे दिले, गळाभेट झाली, फोटो झाला. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सही झाली तर झाली. तो ज्युनियर दोन वर्षांनी तिसऱ्याला देतो. डीएमव्हीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, दफ्तरी गाडी अजून पहिल्याच्याच नावावर, आणि तो तर केव्हाच परत येऊन हिंजवडीत नोकरीला लागलेला. आपल्याकडे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन स्कूटर विकायची जी पद्धत आहे, तीच सवय मुलं विमानात घालून नेतात.

यात अडकतं कुठे तेही ऐक. कॅलिफोर्नियात चार वर्षांहून जुनी पेट्रोलची गाडी विकताना धुराची चाचणी पास झाल्याचा दाखला विकणाऱ्याने द्यायचा असतो. करोला पंधरा वर्षांची, इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, चाचणीत नापास. दुरुस्तीला गाडीच्या किमतीएवढे पैसे. मग दोघंही म्हणतात, बघू पुढच्या महिन्यात. दाखला नाही म्हणून नाव बदलत नाही, नाव बदलत नाही म्हणून नोंदणी पुढे सरकत नाही, स्टिकर जुनं होतं, आणि एक दिवस खडूवाला येतो. तो रेडिओवरून नंबर सांगतो, डिस्पॅचर संगणकात बघते, मालकाचा पत्ता निघतो तो सहा वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटचा. पत्र तिथे जातं, तिथला आताचा भाडेकरू ते कचऱ्यात टाकतो. परमिटच्या नोंदीत गाडी असती तर विद्यार्थ्याच्या ईमेलवर निरोप गेला असता. पण ज्याच्या नावावर गाडी नाही तो परमिटच्या भानगडीत कशाला पडतो!

गाडी गेल्यावर मुलगा खिडकीवर येतो. चावी त्याच्याकडे, विमा त्याच्या नावावर, गाडीत त्याची पुस्तकं. पण नोंदणीकृत मालक तो नाही. मी गाडी सोडायची कोणाच्या नावावर? मालकाचं अधिकारपत्र लागतं, बऱ्याच ठिकाणी ते नोटरी केलेलंच मागतात. हिंजवडीतला माणूस ते पाठवेपर्यंत, उचललेली गाडी ठेवतात त्या यार्डाचं भाडं रोज चढतं. दोन हजारांची गाडी आणि बिल त्याच्या जवळपास पोचलेलं, असे आकडे बघून मुलं गाडी तिथेच सोडून निघून जायची.

आणि सोडून गेलं की सुटका होते असंही नाही, म्हणून विकणाऱ्यानेही कान उघडे ठेवायचे. तिथला कायदा सांगतो की बेवारस गाडीची जबाबदारी दफ्तरी शेवटची नोंद असलेल्या मालकाची धरायची, उचलायचा आणि विल्हेवाटीचा खर्चही त्याच्याच माथी. त्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे गाडी विकल्यापासून पाच दिवसांत डीएमव्हीला ‘गाडी हस्तांतरित केली, माझी जबाबदारी संपली’ असं कळवणं. ते ऑनलाइन होतं, पैसे लागत नाहीत, चहा गाळायला लागतो तेवढा वेळ लागतो. घेणाऱ्याने दहा दिवसांत नावावर करायची. पुढे तू गाडी विकशील तेव्हा ते पान प्रिंट करून, पीडीएफ करून, मलाही पाठवून ठेव. तुझ्या बाबांना नको, ते ‘डाउनलोड्स’मध्ये हरवतील.

पत्ता बदललास की दहा दिवसांत डीएमव्हीला कळवायचं, हे त्याच दमात करून टाक. पुढचं सगळं पत्रावर चालतं.

डिसेंबरात आणि उन्हाळ्यात तुम्ही घरी येता, तेव्हाचं वेगळं सांगते. पोलिसांना माहीत असतं की सुट्टीत लॉट रिकामे होतात, म्हणून तेव्हाच त्यांच्या फेऱ्या वाढतात. रिकाम्या लॉटमध्ये एकटी उभी राहिलेली गाडी जास्त नजरेत येते. जाण्याआधी पार्किंग ऑफिसला ईमेल कर, दीर्घ मुदतीसाठी कुठे उभी करू द्याल असं विचार, आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. परमिटची तारीख तू परत येण्याच्या पुढची असू दे. एका विश्वासू मित्राला चावी दे, आठवड्याला एकदा गाडी बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं फिरवायला सांग, त्याने बॅटरीही जगते आणि व्हॉल्व्हही जागा बदलतो. त्याच्याकडे लायसन्स असलंच पाहिजे. लायसन्स नसलेला चालवताना सापडला तर पोलीस गाडी ३० दिवसांसाठी अडकवू शकतात, आणि ते मालक भारतात आहे म्हणून थांबत नाहीत. त्याच मित्राच्या नावे एक सही केलेलं अधिकारपत्र करून ठेव.

गाडीवर कव्हर घालून जायचा मोह होईल, आपल्याकडची सवय. घालू नकोस. नंबरप्लेट झाकते, परमिट झाकतं, आणि गाडी सोडून दिल्यासारखी दिसते ती वेगळीच.

सुट्टीपुरता विमा बंद करून पैसे वाचवायचं डोकंही चालवू नकोस. विमा कंपनी ते परस्पर डीएमव्हीला कळवते आणि नोंदणी निलंबित होते. गाडी वापरणार नाही असं आधी डीएमव्हीला कळवायची सोय आहे, पण तशी नोंद केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर किंवा सार्वजनिक लॉटमध्ये ठेवता येत नाही, कोणाच्या तरी खाजगी जागेतच हवी. मित्राचं अपार्टमेंट म्हणशील तर तिथेही सांभाळून. प्रवेशावर सतरा इंच बाय बावीस इंचांची पाटी लावलेली असेल, अगदी बारकाईने बघ, असतेच, तर तिथला मालक पोलिसांना मध्ये न घेता खाजगी टोवाल्याकडून गाडी उचलवू शकतो. आणि तिथे उचललेल्या गाडीसाठी मी पुढे सांगते आहे ती पोलीस खात्याची सुनावणी मिळत नाही, स्मॉल क्लेम्स कोर्टाची पायरी चढावी लागते.

समज, एवढं करून गाडी गेलीच. जागेवर गाडी नाही, नुसतं तेलाचं डबकं आहे. पहिला फोन ९११ ला नाही. कॅम्पस पोलिसांच्या साध्या नंबरवर नंबरप्लेट सांग. चोरीला गेली की उचलली, ते एका मिनिटात कळतं, कारण उचललेल्या गाडीची नोंद राज्याच्या यंत्रणेत करावी लागते. नंबरप्लेट आठवत नसेल तर चॅसी नंबर चालतो. १९८१ नंतरच्या सगळ्या गाड्यांना तो १७ आकडी-अक्षरी असतो आणि ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेतून दिसतो. आजच फोटो काढून ठेव असं सांगितलं असतं, पण अजून गाडीच नाही.

टोइंगचा ट्रक अजून समोरच असेल तर धावत जा, पण ओरडू नकोस. खाजगी जागेत असशील आणि गाडी अजून आवाराबाहेर गेली नसेल, तर मालकाने मागितल्यावर ती त्याला तिथेच सोडावी लागते. ट्रकला जोडली गेली असेल तर निम्म्या शुल्कापर्यंत पैसे घेऊ शकतात. पोलिसांनी उचलवली असेल तर निर्णय अधिकाऱ्याचा, ट्रकवाल्याशी वाद घालून काही मिळत नाही.

यार्ड कॅम्पसवर नसतं. गावाबाहेर, गोदामांच्या भागात, तारेचं कुंपण आणि जाड काचेमागे एक बाई. भाड्याचं मीटर गाडी आत शिरल्यापासून चालू. पहिल्या २४ तासांत सोडवलीस तर एकाच दिवसाचं भाडं, त्यानंतर दर दिवसाचं. म्हणून ‘परवा परीक्षा आहे, शनिवारी बघू’ असं करू नकोस. शनिवारी माझ्यासारख्या कारकुनाची खिडकी बंद असते आणि यार्ड उघडलं तरी कामाच्या वेळेबाहेर फाटक उघडायचे वेगळे पैसे घेऊ शकतं. सकाळी आधी पोलिसांकडे: लायसन्स, चालू नोंदणी, ओळखपत्र आणि खात्याचं शुल्क. तिथून सुटकेचा कागद, मग यार्ड. नोंदणीच चालू नसेल तर मध्ये डीएमव्हीची वारी, म्हणून तिकडची अपॉइंटमेंट रात्रीच घे. यार्डाने रोख आणि कार्ड दोन्ही घेतलं पाहिजे, असा नियम आहे. ‘फक्त रोख’ म्हणाले तर शांतपणे दराची पाटी दाखव. बिलावर प्रत्येक बाब वेगळी लिहून माग. गाडी बाहेर काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घे, कारण फाटकाबाहेर पडल्यावर ओरखडा कोणाचा हे ठरवणं कोणालाच जमत नाही. उचलताना अधिकाऱ्याने जो फॉर्म भरलेला असतो त्यात टायर, बॅटरी, रेडिओ, आधीचे पोचे हे सगळं असतं. त्याची प्रत माग आणि जुळवून बघ.

आणि त्या फॉर्ममध्ये गाडीत काय काय सापडलं तेही असतं. हे मुलांना माहीत नसतं. उचललेल्या गाडीतल्या वस्तूंची यादी करण्यासाठी पोलीस ती उघडून बघू शकतात, वॉरंट लागत नाही. तसा निकाल एका विद्यापीठाच्या गावातूनच आला. साउथ डकोटातलं व्हर्मिलियन, तिथेच राज्याचं विद्यापीठ आहे. डिसेंबर १९७३ मध्ये पहाटेच्या बंदीच्या वेळात रस्त्यावर उभी राहिलेली एक गाडी, तिला दोन पावत्या लागल्या, मग ती उचलली गेली. डॅशबोर्डवर घड्याळ दिसलं म्हणून अधिकाऱ्याने आतल्या वस्तूंची यादी करायला घेतली आणि ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये गांजाची पिशवी निघाली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी पोलिसांच्या बाजूने लागलं. तू तसलं काही ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे. पण मागच्या सीटखाली रूममेटच्या मित्राने काय ठेवलं ते तुला माहीत नसतं. पासपोर्ट, आय-२०, लॅपटॉप गाडीत ठेवू नकोस. एका मुलीचा पासपोर्ट ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये, गाडी यार्डात, आणि विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं, असं प्रकरण मी हाताळलं आहे. गाडी सोडवायला पैसे नव्हते तिच्याकडे. तिला मी सांगितलं तेच तुला सांगते: गाडी राहू दे, कामाच्या वेळेत जाऊन आपलं वैयक्तिक सामान काढून आणता येतं, त्याचे पैसे लागत नाहीत. संध्याकाळी साडेचारला तिने फोन केला, पासपोर्ट मिळाला म्हणून. गाडीचं तिने परत आल्यावर बघितलं असेल.

गाडी चुकीने उचलली असं वाटत असेल तर सुनावणी माग. पोलिसांनी ४८ तासांच्या आत, सुट्ट्या सोडून, मालकाला नोटीस पाठवायची असते. नोटिशीवरच्या तारखेपासून दहा दिवसांत तू सुनावणी मागायची, फोनवर मागितलीस तरी चालते. मागितल्यावर त्यांनी पुन्हा ४८ तासांत ती घ्यायची, तीही सुट्ट्या सोडून. ज्याने गाडी उचलवली तो अधिकारी सुनावणीला बसू शकत नाही. हे सगळं कॅलिफोर्नियाचं. टेक्सासात हीच तक्रार १४ दिवसांच्या मुदतीत जस्टिस कोर्टात करावी लागते. कॅलिफोर्नियात उचलायला वाजवी कारण नव्हतं असं ठरलं तर टोइंगचा आणि भाड्याचा खर्च खात्याने सोसायचा. सुनावणी मागितली म्हणून गाडी आधी सोडवू नये असं काही नाही. आधी सोडव, भाडं थांबव, मग भांड.

सुनावणीत चालतं काय? झाडाच्या फांदीआड झाकलेल्या पाटीचा फोटो. पार्किंग ऑफिसचं ‘ठेवा’ म्हणणारं ईमेल. नोटिशीनंतर तू केलेल्या फोनची वेळ. दुरुस्तीवाल्याचं बिल. कायद्याची एक ओळही लक्षात ठेव: २०१९ पासून तिथल्या वाहन कायद्यातच लिहिलं आहे की गाडी उचलणं ही घटनेच्या अर्थाने जप्ती आहे आणि ती रास्त हवी, म्हणजे गाडीमुळे कोणाला अडथळा किंवा धोका होता का हे बघायचं. ‘मी परदेशी विद्यार्थी आहे, मला माहीत नव्हतं’ हे चालत नाही. ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि नाही म्हणतात.

काहीच केलं नाहीस तर यार्ड आपलं येणं वसूल करायला गाडी विकतं. चार हजार डॉलरपर्यंतच्या गाडीची विक्री नोटीस पाठवल्यापासून महिनाभराने होऊ शकते. पाचशे डॉलरच्या आतली बेवारस गाडी तर त्याहून लवकर भंगारात जाते. विक्रीतून पैसे पुरले नाहीत तर उरलेल्याची मागणी पुन्हा दफ्तरी मालकाकडेच. त्या हिंजवडीवाल्याला हे पत्र कधी मिळतं कुणास ठाऊक.

सायकलीचंही दोन शब्दांत सांगते, कारण पहिलं सेमिस्टर तू सायकलच चालवणार. मे महिन्यात मुलं गेली की रॅकवर गंजलेल्या साखळ्यांच्या, हवा गेलेल्या सायकली उरतात. त्यांना कागदी टॅग लावतात, ठरलेल्या मुदतीत टॅग निघाला नाही की ग्राइंडरने कुलूप कापून उचलतात. यूसी डेव्हिससारख्या सायकलींच्या गावी अशा बेवारस सायकलींचे लिलाव होत आले आहेत, आणि तिथे चांगली सायकल स्वस्तात मिळते, हे तुला घ्यायच्या वेळी उपयोगी पडेल. घेतलीस की पेडलच्या खाली, फ्रेमच्या पोटावर सीरियल नंबर कोरलेला असतो, तो फोनमध्ये टिपून कॅम्पसच्या नोंदणीत घाल. कुलूप कापलेली सायकल परत मागायला येणाऱ्याला मी पहिला प्रश्न तोच विचारायचे, आणि दहातल्या नऊ जणांना रंगापलीकडे काही सांगता यायचं नाही.